अडलेल्या मशिनभोवतीची मंडळी

जुन्या संगणकांच्या आमच्या हौशी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात एक अलिखित नियम होता. चालू मशिन आणून दाखवणाऱ्याला टाळ्या मिळायच्या, पण खुर्च्या सरकायच्या त्या बंद मशिनकडे. सिलिकॉन ग्राफिक्सची निळी इंडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली, की लोक दोन मिनिटं थांबून ‘वा, छान’ म्हणायचे आणि पुढे जायचे. शेजारच्या टेबलावर सन कंपनीचं एखादं स्पार्कस्टेशन पांढऱ्या पडद्यावर काळ्या अक्षरांत कुरकुर करत बसलेलं असलं, की तिथे बघता बघता घोळका जमायचा.

आमचा छंद बाहेरच्या माणसाला समजावणं अवघडच. १९८० आणि ९०च्या दशकांत इंजिनिअर, संशोधक आणि ॲनिमेशनवाले ज्या वर्कस्टेशनवर, म्हणजे टेबलावरच्या ताकदवान संगणकावर, काम करायचे, ती मिळवायची, साफ करायची आणि तिच्यावर पुन्हा ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची. बास, एवढंच. गंमत अशी, की त्या काळी प्रत्येक कंपनीची चूल वेगळी होती. सनचा प्रोसेसर स्पार्क आणि सिस्टिम सोलारिस, सिलिकॉन ग्राफिक्सचा मिप्स आणि आयरिक्स, एचपीचा पीए-रिस्क आणि एचपी-यूएक्स. डेकचं अल्फा आणखी निराळं. पुढे १९९८मध्ये डेक कॉम्पॅककडे गेली, २०१०मध्ये सन ओरॅकलच्या ताब्यात गेली, आणि ही सगळी यंत्रं पोरकी झाली. त्यांच्या केबलीसुद्धा एकमेकींशी बोलत नाहीत. सन आणि सिलिकॉन ग्राफिक्स, दोन्हींच्या मॉनिटरला १३डब्ल्यू३ नावाचा एकसारखा दिसणारा जोड असतो, पण आतल्या तारांची मांडणी वेगळी. त्यामुळे सकाळचा पहिला तास ‘ही केबल सनची की एसजीआयची (म्हणजे सिलिकॉन ग्राफिक्सची)?’ या आरोळ्यांत जायचा. त्यात २० इंची जुने मॉनिटर जिन्यावरून चढवायचे. एकेकाचं वजन ३० किलोच्या घरात. तेव्हा तरुण सभासदांची किंमत कळायची.

सगळ्यात जास्त गर्दी खेचली ती एनव्हीरॅमच्या, म्हणजे वीज गेली तरी माहिती लक्षात ठेवणाऱ्या, चिपनं. सनच्या मशिनमध्ये एक छोटी चिप असते आणि तिच्या पोटातच लिथियमची बॅटरी बंद केलेली असते. ती संपली की मशिन आपली ओळखच विसरतं. नेटवर्कचा पत्ता विचारला तर सगळीकडे एफएफ, एफएफ, एफएफ. नवीन चिप मिळाली तर उत्तम. नाहीतर बारीक करवतीनं जुन्या चिपचं आवरण खरवडायचं, आतली दोन टोकं उघडी करायची आणि त्यांना बाहेरून नाण्याएवढा सेल जोडायचा. हे काम बघायला लोक श्वास रोखून उभे राहायचे, कारण करवत केसभर जरी जास्त गेली तरी चिप कामातून गेली.

सेल बसला तरी विसरलेली ओळख परत द्यावी लागतेच. त्यासाठी स्टॉप आणि ए ही दोन बटणं एकदम दाबली की ‘ओके’ असा प्रॉम्प्ट येतो. तो खरं म्हणजे फोर्थ या प्रोग्रामिंगच्या भाषेचा दुभाषाच आहे. तिथे ‘एमकेपी’ या आज्ञेनं एकेक बाइट हातानं भरायचा, आधी त्याचं मूल्य, मग जागा. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ सभासद, ज्यांना सगळे काका म्हणायचे, ते कागद न बघता सांगत जायचे: “एक, शून्य, एमकेपी. पुढे आठ, दोन, एमकेपी. मग शून्य, तीन. मग वीस, चार.” सनच्या नेटवर्कच्या पत्त्याची सुरुवात ८:०:२० अशी असते, ती अशी घातली जायची. कॉलेजातली एक मुलगी टाइप करायची आणि तिसरा कुणीतरी कागदावर शेवटचा बाइट काढायचा, कारण तो आधीच्या सगळ्यांचा एक्सऑर, म्हणजे बिट-बिट ताडून काढलेली पडताळणीची बेरीज, असावा लागतो. एक आकडा चुकला तर मशिन हट्टानं तेच म्हणणार: आयडीप्रॉममधला, म्हणजे ओळखीच्या जागेतला, मजकूर अवैध. काका मग म्हणायचे, “चिडू नकोस गं, त्याचं बरोबर आहे.”

नेटवर्कवरून बूट करणं, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून सिस्टिम मागवून मशिन सुरू करणं, हा तर मेळाव्याचा आखाडाच. सीडी ड्राइव्ह बहुधा मेलेले असायचे, किंवा ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत वाचायला नकार द्यायचे, मग दुसरा इलाज नसायचा. सन आधी आपला आयपी पत्ता विचारणार, मग त्याच पत्त्याच्या हेक्स (सोळा अंकांच्या पद्धतीतल्या) रूपाच्या नावाची फाइल मागणार. १९२.१६८.१.५ मिळाला असेल तर फाइलचं नाव सी०ए८०१०५, तेही मोठ्या (कॅपिटल) लिपीत. कुणीतरी सर्व्हरवर ते नाव लहान लिपीत लिहून ठेवलेलं असायचं आणि सगळे जण केबली तपासत बसायचे!

इंडीचं दुखणं आणखी खोल. एका वर्षी ती फाइल मागत होती, सर्व्हर पाठवत होता, दिवेही लुकलुकत होते, आणि तरी ती ढिम्म. जेवायला उठायचं भान कुणाला नव्हतं. शेवटी एकानं नेटवर्कवरची पाकिटं पकडून वाचली, तेव्हा उलगडा झाला. तिच्या जुन्या प्रॉमला, म्हणजे मशिन सुरू करणाऱ्या चिपमधल्या प्रोग्रामला, ३२७६७च्या वरचे पोर्ट (नेटवर्कवरच्या संवादाचे क्रमांक) झेपत नाहीत, आणि आजचा लिनक्स सर्व्हर तर बिनदिक्कत त्यावरचेच पोर्ट निवडतो. सर्व्हरवर पोर्टची मर्यादा खाली ओढली आणि फाइल सरसर उतरली. त्या दिवशी जो आरडाओरडा झाला, तसा चालू मशिनच्या वाट्याला कधीच आला नाही.

अर्थात आयरिक्समध्ये बूट होणं म्हणजे नुसती सुरुवात. आधी एफएक्स नावाच्या प्रोग्रामनं डिस्कचे भाग पाडा, मग मिनीरूट, म्हणजे बसवण्यापुरती छोटी सिस्टिम, उतरवा. नमनालाच घडाभर तेल. त्यानंतर इन्स्ट, म्हणजे बाकीचं सगळं बसवणारा प्रोग्राम, सुरू होतो, आणि तो सीड्यांमागून सीड्या गिळून शेवटी सांगतो की अमुक पॅकेजचं तमुकशी जमत नाही, १ए निवडा नाहीतर १बी. एक सोडवावं तर तीन नवीन उगवतात. पण मला विचाराल तर खऱ्या गप्पा त्या वेळातच व्हायच्या. पडद्यावर टक्का हलत नसायचा आणि एरवी मोजकंच बोलणारी माणसं आपल्या पहिल्या नोकरीतल्या मशिनरूमविषयी भरभरून सांगायची.

हल्ली या मशिनमधल्या जुन्या स्कझी जोडाच्या डिस्कच्या जागी एसडी कार्डाची छोटी पाटी बसते. घरूनच बसवलेल्या सिस्टिमची तयार प्रत आणायची, कार्ड खोचायचं, पाच मिनिटांत लॉगिन. जुन्या डिस्का मरत चालल्यात, तेव्हा हे गरजेचंच आहे, त्याला माझी ना नाही. पण अशा टेबलाशी फारसं कुणी रेंगाळत नाही, हेही खरं.

कंपनीची मूळ सिस्टिम की नेटबीएसडी ही अनेक जुन्या मशिनवर चालणारी मोफत सिस्टिम, यावरून मात्र अजून दरवर्षी दोन तट पडतात. मूळवाल्यांचं म्हणणं, इंडीवर आयरिक्सच शोभतं. नेटबीएसडीवाल्यांचं म्हणणं, आजही नवीन आवृत्ती निघते असं दुसरं काय आहे तुमच्याकडे? दुसऱ्या गटातल्या एका सभासदांनी डेकच्या जुन्या, संथ व्हॅक्सस्टेशनवर नेटबीएसडी चढवलं. पहिल्या बूटमध्ये मशिन एसएसएचच्या (नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिन करण्याच्या) किल्ल्या तयार करायला बसलं ते बसलंच. सामान बांधून झालं, मॉनिटर खाली गेले, तरी त्याचं गणित संपेना आणि ते गृहस्थ बटण बंद करू देईनात. पुढच्या वर्षी त्यांनी किल्ल्या दुसऱ्या मशिनवर आधीच करून आणल्या. हे ‘स्वतः बसवणं’ धरायचं की नाही यावर सभेत अर्धा तास वाद झाला. निर्णय झाला नाही, पण इतिवृत्तात त्याची रीतसर नोंद आहे.