माळशेजच्या वाटेवर रिझर्व्हचा हिशोब

ठाण्याहून माळशेजला जायला दोन रस्ते. एक कळवा, मुंब्रा बायपास, शिळफाटा करत कल्याणला पोचतो. दुसरा माजिवडा, खारेगाव, रांजणोली नाका, कोनगाव आणि दुर्गाडीचा पूल. आम्ही शक्यतो दुसरा धरतो. भल्या पहाटे रांजणोली पार झालं की शहाडपर्यंत फारसं थांबावं लागत नाही. पुढे रायता, गोवेली, मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे आणि मग घाट. एका बाजूने शंभर किलोमीटरच्या आसपास. मुरबाडपर्यंत पंपांची ददात नाही. त्यानंतरचा पंप उघडा असेल, तिथे पेट्रोल असेल, वीज असेल हे धरून चालायचं नाही. अशा रस्त्यावर आपली मोटरसायकल रिझर्व्हवर, म्हणजे टाकीच्या तळाशी राखून ठेवलेल्या पेट्रोलवर, किती किलोमीटर जाते हा आकडा तोंडपाठ हवा. टाकीत किती लिटर मावतं ते कंपनीच्या पुस्तकात असतं, किलोमीटर मात्र आपले आपणच काढायचे.

काढायची रीत अशी. पेट्रोल कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) असलेली कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या जुन्या साध्या यंत्रणेची गाडी असेल तर ती ‘ऑन’वर चालवत राहा. एका क्षणी गाडी आचके देते, कॉक रिझर्व्हला फिरवावा लागतो. तिथे ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि जवळच्या पंपावर जा. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून टाकी भरा. साइड स्टँडवर नको, कललेल्या टाकीत अर्ध्या लिटरपेक्षा जास्त फरक पडू शकतो. पेट्रोल नेहमी एकाच खुणेपर्यंत घ्या; टाकीच्या तोंडाखाली जी पत्र्याची कड दिसते ती खूण सोयीची. नोझल आपोआप बंद झालं की फेस बसू द्या आणि मग उरलेलं सावकाश घ्या. अगदी काठोकाठ मात्र नको. पेट्रोल दर अंश सेल्सियसला सुमारे ०.१ टक्का फुगतं, म्हणजे पहाटे भरलेली १५ लिटरची टाकी दुपारी वीस अंशांनी तापली तर पाव लिटरहून जास्त पेट्रोलला जागा लागते, आणि ते झाकणातून बाहेर येतं.

आता वजाबाकी. समजा टाकी ११ लिटरची आहे आणि पंपावर ९.६ लिटर बसलं. रिझर्व्ह लागल्यावर पंपापर्यंतच्या ४ किलोमीटरला जेमतेम ०.१ लिटर गेलं असेल. म्हणजे रिझर्व्ह लागली तेव्हा टाकीत दीड लिटर होतं. त्यातलं सगळं इंजिनला मिळत नाही. टाकीच्या पोटातून फ्रेमचा पाइप जातो, त्यामुळे तळ मधे उंच आणि दोन्ही बाजूंना खोलगट असतो. कॉक बहुतेक गाड्यांना डावीकडे. उजव्या कप्प्यातलं पेट्रोल शेवटी तिकडेच अडकून राहतं. त्यासाठी ०.२ ते ०.३ लिटर सोडून द्या. राहिलं सव्वा लिटर. मोकळ्या हायवेला गाडी ५५ चा अॅव्हरेज देत असेल तरी गुणाकार ५५ ने करायचा नाही. कोंडी, चढ, मागे माणूस, चाकांत कमी हवा हे सगळं धरून जो सर्वांत वाईट अॅव्हरेज येतो तो घ्या, समजा ४०. उत्तर आलं ५० किलोमीटर. हा आकडा चिकटपट्टीवर लिहून मीटरजवळ लावा.

अॅव्हरेजही आजचा हवा. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुन्या गाड्यांचे जुने आकडे थोडे खाली आलेत, कारण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात अशा जुन्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्क्यांची घट धरली होती. फुल टाकी ते फुल टाकी मोजून पाहा, म्हणजे आपल्या गाडीचं खरं कळेल.

इंजेक्शनच्या (संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांना, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या जवळपास सगळ्याच मोटरसायकलींना, कॉक नाही. तिथे शेवटची पट्टी लुकलुकायला लागते किंवा पिवळा दिवा लागतो, तीच रिझर्व्ह समजायची आणि हाच हिशोब लावायचा. काही गाड्या ‘एवढे किलोमीटर बाकी’ असा आकडा दाखवतात. तो मागच्या काही किलोमीटरच्या अॅव्हरेजवरून काढलेला असतो. मुरबाडपर्यंत सपाट रस्त्याला साठ-सत्तरच्या वेगाने आलेल्या गाडीला पुढे घाट आहे हे कुठून कळणार? तिथे तो आकडा हमखास फुगलेला असतो.

पेट्रोलच्या काट्याकडे सपाट रस्त्यावर, गाडी सरळ उभी असताना बघा. घाटात तो निरुपयोगी. काटा हलवणारा तरंगता फ्लोट टाकीत ज्या बाजूला असेल त्यानुसार चढाला एक आणि उताराला दुसरंच दाखवतो. कॉकच्या गाड्यांत तर मजेशीर प्रकार होतो. कॉक सहसा टाकीच्या मागच्या टोकाला असतो, त्यामुळे चढताना पेट्रोल मागे सरकून त्याच्याकडे येतं आणि रिझर्व्ह उशिरा लागते. उतरायला लागलात की तेच पेट्रोल पुढे पळतं आणि रिझर्व्ह अचानक लागते. उतारावर लागलेल्या रिझर्व्हला घाबरू नका, सपाटीवर आल्यावर कॉक पुन्हा ‘ऑन’ला करून बघा, बरेचदा आणखी काही किलोमीटर गाडी तशीच चालते. याच्या उलट, भर चढात रिझर्व्ह लागली तर ती नेहमीपेक्षा कमी पेट्रोलावर लागली आहे. तेव्हा आकड्यातले दहा किलोमीटर कमी करा.

घाट पेट्रोल पितो असं सगळे म्हणतात. किती पितो? सहाशे मीटरचा चढ धरू. स्प्लेंडरसारखी गाडी आणि एक माणूस मिळून १९० किलो. एवढं वजन तेवढं वर न्यायला लागणारी ऊर्जा, आणि पेट्रोलच्या ऊर्जेपैकी इंजिन चाकाला देतं ती २० ते २५ टक्के, असं गणित मांडलं तर चढाचा जास्तीचा खर्च दीडेकशे मिली येतो. बुलेटवर दोघं असतील तर तीनशेच्या आत. खालच्या गिअरमध्ये ट्रकमागे रखडलात तर थोडा आणखी. आता कोंडी बघा. १०० ते १५० सीसीचं इंजिन नुसतं उभं राहून तासाला पाव लिटरच्या आसपास जाळतं. म्हणजे परतताना रांजणोलीला किंवा खारेगावला अडकलेला तास हा पूर्ण घाटाच्या चढाएवढा, कधी त्याहून महाग. घोडबंदर रोडने गायमुखच्या चढाला रांगेत उभे राहणारे रोज हेच भरतात. आमचा आग्रह आहे की रिझर्व्ह लावून कोंडीत शिरू नये. सिग्नलला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ दिसला तर इंजिन बंद.

उताराला काही जण गाडी न्यूट्रल करतात. हे करू नका. इंजिन ब्रेक, म्हणजे गिअरमधलं इंजिन गाडीला रोखतं तो आधार, जातो, ओल्या वळणावर सगळा भार ब्रेकवर येतो, आणि वाचत काहीच नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून थ्रॉटल पूर्ण सोडला की संगणक पेट्रोल जवळजवळ तोडतोच. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवण्यापुरतं तरी जाळावं लागतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत चावी बंद करून गिअरमध्ये उतरणं तर फारच वाईट. पेट्रोल ओढलं जातं, जळत नाही, सायलेन्सरमध्ये साठतं आणि चावी चालू केल्यावर तिथे फटाका फुटतो.

टाकीत पेट्रोल खळखळतंय तरी गाडी बंद पडली, तर आधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा सुस्कारा आला तर झाकणातलं हवेचं भोक चिखलाने किंवा गंजाने बुजलं आहे; पेट्रोल खाली उतरायला हवा आत यावी लागते. तात्पुरतं झाकण उघडून-लावून चालवता येतं, नंतर भोक तारेने साफ करा. पावसाळ्यात दुसरं कारण म्हणजे पाणी. ते तळाला बसतं आणि रिझर्व्हची वाट नेमकी तळातून जाते. कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सोडून थोडं पेट्रोल काढलं की पाण्याचे गोळे वेगळे दिसतात.

खरंच संपलं, तर कॉकच्या बाजूला, म्हणजे डावीकडे, गाडी हँडल जमिनीकडे येईपर्यंत आडवी करा आणि दहा सेकंद धरून ठेवा. उजव्या कप्प्यातलं पेट्रोल पाइपावरून डावीकडे येतं. एवढ्यावर काही किलोमीटर नक्की निघतात, तेही चाळीसच्या वेगाने, वरच्या गिअरमध्ये. सोबतच्या गाडीतून घ्यायचं असेल तर कॉकच्या गाडीची नळी काढून धातूच्या कॅनमध्ये घ्या, इंजिन गार झाल्यावर. तोंडाने ओढू नका. दाबायच्या रबरी फुग्याचा हातपंप मिळतो, तो ठेवा.

इंजेक्शनच्या गाडीत मात्र शेवटच्या थेंबापर्यंत जाण्याचा मोह टाळा. पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनेच गार राहतो. कोरडा फिरला की तापतो आणि बदलायला चांगलाच खर्च येतो. संपलीच तर स्टार्टर मारत बसू नका. किमान एक लिटर घाला, चावी चालू करा, पंपाची घरघर थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा. असं तीन-चार वेळा केल्यावर नळीत दाब येतो, मग स्टार्टर.