जत्रेतला गेंडा आणि पुस्तकांची रांग : कामाची आजची स्थिती

स्वस्त खेळण्यांपासून टेबलावरच्या गमतीदार वस्तू करण्याच्या छंदात सध्या हातात असलेले काम म्हणजे पुस्तकांच्या रांगेला दोन्ही टोकांनी आधार देणारा गेंडा. रांगेच्या एका बाजूला डोके व पुढचे पाय, दुसऱ्या बाजूला मागचे पाय व शेपूट, म्हणजे स्वारी पुस्तकांतून आरपार निघाल्यासारखी दिसावी, अशी योजना आहे. त्यासाठी जत्रेत मिळणारा, आतून पोकळ आणि वीतभर लांबीचा प्लॅस्टिकचा गेंडा निवडला.

पोटाभोवती कागदी चिकटपट्टी गुंडाळून, तिच्या कडेने बारीक दात्यांच्या हॅकसॉ पात्याने काप घेतला आहे. काप पुढच्या पायांच्या बराच मागे असल्यामुळे त्या अर्ध्या भागाला टेकायला पुरेशी जागा मिळाली. कापताना निघालेला कीस फेकून न देता त्यातला एक तुकडा पाण्यात बुडवून, त्याला चिकटलेले बुडबुडे झटकून सोडून पाहिला, तर तो तरंगत वर आला. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलके असतात, तर पीव्हीसी, एबीएस व भरीव पॉलिस्टायरिन बुडतात. स्वस्त खेळण्यांवर प्लॅस्टिकचा प्रकार सहसा छापलेला नसल्यामुळे ही साधी परीक्षा फार उपयोगी पडते. तरंगणाऱ्या प्लॅस्टिकवर फेवीक्विक किंवा एम-सील यांची पकड भरवशाची नसते. त्यामुळे या गेंड्याच्या बाबतीत चिकटवण्याचा विचार सोडून अडकवण्याचा विचार करावा लागला, आणि माझ्या मते या छंदातली अर्धी कारागिरी याच निर्णयात असते.

दोन्ही अर्धे भाग कापलेले तोंड वर करून वाळूच्या डब्यात रोवले आणि त्यांत प्लास्टर ऑफ पॅरिस व धुऊन वाळवलेली वाळू यांचे मिश्रण ओतले. पाण्यात पावडर घालावी, पावडरीत पाणी नव्हे. मापाने दोन वाट्या पावडरीला एक वाटी पाणी पुरते. प्लास्टर घट्ट होताना तापते, म्हणून पातळ प्लॅस्टिक असल्यास ते थराथराने भरणे बरे. प्लास्टर पोकळ पायांत उतरून घट्ट अडकते, त्यामुळे गोंदाशिवायही जागचे हलत नाही. वजन वाढवण्यासाठी जुने खिळे घालण्याचा मोह टाळावा, कारण ओल्या प्लास्टरमध्ये लोखंड गंजते आणि डाग वरपर्यंत येतात. उरलेले मिश्रण मोरीत ओतू नये, ते नळीतच दगड होते. वरच्या थरात लाकडाचा ठोकळा बसवला आहे. त्याच्या मागच्या बाजूस पितळी स्क्रू अर्धवट बाहेर ठेवल्यामुळे प्लास्टरने त्याला घट्ट धरले. प्रत्येक भागाचे वजन आता सुमारे अर्धा किलो भरते.

तेवढ्या वजनावर मराठी विश्वकोशाचे खंड उभे राहणार नाहीत. जाड पुस्तकांचा रेटा थोपवायला काटकोनात वाकवलेला पत्रा लागतो, ज्याचा आडवा भाग पुस्तकांखाली सरकतो आणि पुस्तकांचेच वजन त्याला दाबून धरते. भंगारातून आणलेल्या संगणकाच्या जुन्या कॅबिनेटचा पत्रा यासाठी उत्तम ठरला. बिस्किटांच्या डब्याचा पत्रा फारच लवचिक असतो. कडा कानशीने घासल्या आहेत, खालून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवले आहेत आणि पत्र्यातून ठोकळ्यात स्क्रू पिळले आहेत.

रंगकाम बाकी आहे. प्लास्टरमधले पाणी फक्त कापलेल्या तोंडाकडूनच बाहेर पडू शकते, म्हणून ते पुरते वाळेपर्यंत पत्रा पुन्हा काढून ठेवला आहे. साच्याची शिवण पात्याने खरवडून, प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर व त्यावर करडा ॲक्रिलिक रंग देण्याचा विचार आहे. चकाकी नकोच, चकाकीमुळे खेळण्याचा स्वस्तपणा उघड होतो. खेळणे मऊ पीव्हीसीचे असेल, तर ऑइलपेंट टाळावा, कारण त्या प्लॅस्टिकमधील मऊपणा आणणारा घटक रंगात झिरपून तो चिकट राहू शकतो.

पुढचा उमेदवार छोटी मगर असून तिच्या जबड्यात चिठ्ठ्या धरण्यासाठी कपड्यांच्या चिमट्याची स्प्रिंग बसवायची आहे. सावंतवाडीच्या चितार आळीतून आणलेली लाकडी खेळणी मात्र मी या कामात घेत नाही. ती जशी आहेत तशीच टेबलावर शोभतात. मगरीच्या जबड्यासाठी चुंबकही चालले असते, परंतु घरात लहान मुले येतात आणि गिळलेली छोटी चुंबके आतड्यात एकमेकांना चिकटून गंभीर इजा करतात, म्हणून स्प्रिंगच पक्की केली.