फुलेवाडी ते व्होल्गा, व्हाया राजारामपुरी

पाऊस असा लागलेला की रंकाळ्याचं पाणी कुठलं आणि रस्त्याचं कुठलं तेच कळत नव्हतं, आणि मी रात्री साडेनऊला स्प्लेंडरला किक मारून फुलेवाडीतून निघालो ते रशियाला जायला. घरी सांगितलं मित्राकडं चाललोय. खोटं न्हवतंच ते, रशिया त्याच्याच खोलीत होती, राजारामपुरीत, सेकंडहँड ग्राफिक्स कार्डावर. गंगावेश, पापाची तिकटी, बिंदू चौक, उमा टॉकीज, एवढ्या वाटेत हेल्मेटची काच मी किती वेळा पुसली असेल देव जाणे, आतनं वाफ आणि बाहेरनं पाणी, पुसलं की चार सेकंद दिसतंय आणि परत धुकं.

खोलीत गेलो, टॉवेलनं डोकं पुसलं, काकूंनी चहा आणून ठेवला आणि मित्रानं कंट्रोलर हातात दिला. स्क्रीनवर गेम चालू, मॉस्को, बर्फ, गेमचा नायक आर्त्योम, त्याच्या तोंडावर गॅसमास्क, आणि काचेवर घाण. मित्र म्हणला, "भावा, बटण दाब की, पूस." दाबलं तर एक हात वर आला आणि फस्सकन काच पुसून गेला. मी हसायलाच लागलो, आत्ता उमा टॉकीजजवळ मी हेच करत हुतो मर्दा!

गेमचं नाव मेट्रो एक्झोडस, आली 15 फेब्रुवारी 2019 ला, 4ए गेम्सनी केलेली, म्हणजे मूळची कीव्हमधली मंडळी. गोष्ट अशी की 2013 साली अणुयुद्ध झालं, मॉस्कोतली उरलीसुरली माणसं मेट्रोच्या बोगद्यात राहायला गेली आणि आर्त्योमला वाटतंय की बाहेर अजून कोणतरी जगत असणार. मग तो, त्याची बायको आना आणि बाकीची टोळी अरोरा नावाच्या वाफेच्या इंजिनाची गाडी घेऊन पूर्वेला निघतात. म्हणजे हे प्रवासवर्णनच की, फक्त तिकीट नाही आणि वाटेत माणसं गोळ्या घालत्यात.

गोळीबार तसा सगळ्याच गेमांत असतोय. पण ह्यात सगळं हातानं करायला लागतं, आणि त्या कामात मी असा अडकलो की पहिल्या रात्री तीन तासात फार लांब गेलोच नाही. टॉर्चची बॅटरी उतरली की चार्जर काढून खटाखट दाबत बसायचं. टिखार म्हणून एक बंदूक आहे, हवेच्या दाबावर लोखंडी गोळ्या फेकणारी, तिला आधी पंप मारायचा, डायलवरचा काटा चढेपर्यंत, अगदी आज्जी स्टोव्हला मारायची तसा, आणि नाही मारला तर गोळी जाते पण जोरच नसतो तिच्यात. बंदुकीवर चिखल बसला की ती दगा द्यायला लागते, मग वर्कबेंच म्हणजे दुरुस्तीचं टेबल शोधून साफ करा. मास्कची काच तडकली तर आर्त्योम चिकटपट्टी मारतो! आम्ही चष्म्याला मारतो तशी, आणि गाडी पुढं चालू.

नकाशाचं तर मला लैच आवडलं. बाकीच्या गेमात नकाशा उघडला की जग थांबतं, तुम्ही निवांत चहा प्या. इथं आर्त्योम खरोखरचा कागद हातात धरतो आणि जग चालूच राहतं, मागनं काय आलं तर आलं. मनगटावर होकायंत्र आणि रेडिएशनचा काटा, आणि मास्कचा हवा गाळणारा फिल्टर किती वेळ टिकणार तेही तिथंच. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे बघायची सवय लागलेल्या माणसाला पहिल्यांदा वैताग येतोय, नंतर हात आपोआप वर करून बघायला लागतो. कोळ्याची जाळी लायटरनं जाळायची, ते काम तर मी गरज नसताना पण करत हुतो.

आणि मग व्होल्गा नदी. इथं मला थांबायलाच पाहिजे.

त्या रात्री मित्राचे आजोबा खोलीतच कॉटवर होते. आबा आंबेवाडीचे. 2019 च्या ऑगस्टात, म्हणजे ही गेम आली त्याच वर्षी, पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला 55 फुटाच्या वर गेली, धोक्याची पातळी 43 असताना, आणि आंबेवाडी-चिखलीच्या लोकांना बोटीतनं काढलं. आबा त्यातलेच. तेव्हापासून पाऊस वाढला की त्यांना राजारामपुरीत आणून ठेवतात आणि ते रुसून भिंतीकडं तोंड करून झोपतात.

व्होल्गाच्या लेव्हलमध्ये सगळीकडं पाणी, अर्धी बुडालेली घरं, मधी एक चर्च आणि तिथं होडीनं जायचं. होडी लै सावकाश, वल्ह्याचा आवाज चुळुक चुळुक, आणि मला सरळ नेताच येत न्हवती, सारखी काठाला टेकायची. आबांनी कूस बदलली. जरा बघितलं. म्हणले, "एकाच हातानं जोर लावतोयस, म्हणून फिरतीया." मी म्हणलं आबा, हे बटणावर आहे. "बटण असू दे न्हाईतर काय बी."

मग उठूनच बसले. चर्चमधल्या लोकांचा सिलान्तियस म्हणून बाबा आहे, त्यानं वीज म्हणजे पाप असं शिकवलंय, आणि ते लोक पाण्यातल्या एका अवाढव्य मिशीवाल्या माशाला देव मानतात, होड्या उलथवणारा शिंगाळा समजा. आबांना माशाचं काय वाटलं नाही, विजेचं मात्र पटलं, म्हणले आमच्याकडं थेंब पडला की लाईट जाती, त्यांनी सोडूनच दिली ते बरं केलं. बंदूक खाली ठेवून गेलं की तिथली माणसं नीट बोलतात, रोखून गेलं की नाही, हे मी त्यांना दाखवलं. "व्हय, मग?" म्हणले, त्यात दाखवण्यासारखं काय आहे ते त्यांना कळंनाच.

मी एका बुडालेल्या घरात शिरलो, भिंतीवर ओल, कपाट, भांडी. आबा बराच वेळ बघत होते. "छान केलंय," म्हणले, "पण पाणी उतरल्यावर आत गुडघाभर चिखल असतोय. आणि वास. त्यो न्हाई दाखवला." वास कसा दाखवणार म्हणा, पण चिखलाचं खरं आहे, मी परत जाऊन बघितलं, फरशी बऱ्यापैकी स्वच्छ होती.

टोळीतल्या स्टेपानला वाटेत गिटार सापडवून दिली आणि नास्त्या म्हणून एक लहान पोरगी आहे तिला तिचा टेडी, हे दोन्ही सक्तीचं नाही, न करता पुढं जाता येतं. पण मग अरोरावर परत गेल्यावर गाडीत कोण काय करतंय ते बघायला मजा येत नाही. गाडीत नुसतं बसायचं, खिडकीतनं बघायचं, लोकांच्या गप्पा ऐकायच्या. एकच तक्रार, सगळे एकाच वेळी बोलतात, पाहुण्यांनी भरलेल्या लग्नघरासारखं, आणि सबटायटल एकमेकांच्या अंगावर.

पुढचा यामानताऊचा डोंगराखालचा बंकर पटकन उरकला. कॅस्पियनला समुद्र आटलाय, जहाजं वाळूत रुतलेली, एक व्हॅन मिळते चालवायला. मला कंटाळा आला, आणि आबांनी पाणी नाही बघितल्यावर तोंड भिंतीकडं केलं. तैगाचं जंगल सुंदर, तिथं मी बंदूक जवळजवळ वापरलीच नाही.

शेवटच्या रात्री नोवोसिबिर्स्क शहर. रेडिएशनचा काटा कर्रकर्र करत होता, मास्क काढायची सोय नाही, आणि फिल्टर संपत आला की आर्त्योमचा श्वास जड होतो, स्पीकरमधनं ते हं... हं... सगळ्या खोलीत. मी पुढच्या खोलीत काय आहे ह्याच्यात गुंतलेलो, मनगटाकडं बघितलंच नाही. मित्र डुलक्या काढत होता.

कॉटवरनं आबा म्हणले, "त्याला दम लागलाय रं. ती टोपी का काय ती बदल आधी."

बदलली. श्वास हलका झाला, आबांनी पांघरूण वर ओढलं.