लाइमसर्व्हेचा सर्व्हर सांभाळताना: लोड, लॉगिन आणि निनावी उत्तरं – माझा अनुभव

आमची संस्था छोटी आहे, मराठवाड्यात आरोग्यावर काम करते, आणि आमचे सगळे सर्व्हे आम्ही लाइमसर्व्हे या ऑनलाइन सर्व्हेच्या सॉफ्टवेअरवर घेतो, तेही स्वतःच्या भाड्याच्या सर्व्हरवर. दोन कोअर, चार जीबी रॅम, उबंटू (लिनक्सची एक जात), एंजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी (लाइमसर्व्हे ज्या भाषेत लिहिलंय ती) आणि मारियाडीबी (डेटाबेस), एवढाच पसारा. ज्याने हे बसवलं तो मुलगा पुण्यात नोकरीला गेला आणि सर्व्हर माझ्याकडे आला. माझं मूळ काम प्रश्नावली तयार करणं आणि आलेला डेटा साफ करणं, त्यामुळे लॉग (सर्व्हर आपल्या कामाच्या नोंदी लिहितो त्या फाइल) वाचणं वगैरे मी यातच शिकले. कुणाला उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सर्व्हे होता आशाताईंचा. मोबदला किती उशिरा मिळतो, ठरलेल्या कामाशिवाय आणखी काय काय करायला लावतात, वरिष्ठ कसं बोलतात, असे प्रश्न. आता असली उत्तरं कुणी नावानिशी देणार नाही, म्हणून सर्व्हे निनावी. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर जायची, प्रत्येकीचा कोड वेगळा, आणि बहुतेक जणी प्राथमिक आरोग्य केंद्रातली महिन्याची मीटिंग संपली की तिथेच बसून भरायच्या. म्हणजे दिवसभर सर्व्हरवर चिटपाखरू नसायचं आणि मग अचानक चाळीस-पन्नास जणी एकदम.

आणि तिथेच अडकायला लागलं. एका गटप्रवर्तक ताईंचा फोन आला, "मॅडम, सगळं भरलं, शेवटचं बटण दाबलं की नुसतं गोल फिरतंय, नंतर ५०४ का काय ते येतंय. बायका परत भरायला तयार नाहीत." (५०४ म्हणजे सर्व्हरकडून वेळेत उत्तर आलं नाही.) बरोबरच आहे, मीटिंग सकाळपासून, घरी जायची घाई, वर वीस मिनिटं फोनवर प्रश्न सोडवायचे आणि शेवटी ते गेले की राहिले हेही कळत नाही. मला फार वाईट वाटलं, कारण या बायकांनी विश्वासाने लिहिलेलं असतं.

ऑफिसात सगळ्यांचं एकच मत, मोठा सर्व्हर घ्या. मी म्हटलं आधी बघू तरी. पुढच्या मीटिंगच्या वेळी टॉप (मशीनवर काय चाललंय ते दाखवणारी कमांड) लावून बसले. लोड अ‍ॅव्हरेज ०.३. दोन कोअरच्या मशीनवर हा आकडा दोनच्या आसपास किंवा वर राहिला तर काळजी करायची, ०.३ म्हणजे मशीन जवळजवळ मोकळं. मेमरी बघितली, फ्री कमी दिसते पण ती बघायचीच नसते, लिनक्स उरलेली रॅम कॅशसाठी वापरतं, बघायचा तो अव्हेलेबलचा आकडा, आणि तो दीड जीबीच्या वर होता. स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्क वापरणं) नाही, डिस्क भरलेली नाही. आणि त्याच मिनिटाला फोनवर ताई सांगतायत की गोल फिरतंय.

इथे मला जे कळलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लोड अ‍ॅव्हरेजमध्ये मोजली जातात ती सीपीयूसाठी रांगेत असलेली किंवा डिस्कवर अडकलेली कामं. एखादं काम नेटवर्कवर दुसऱ्या कुणाच्या उत्तराची वाट बघत नुसतं बसलं असेल तर ते त्यात धरलंच जात नाही. म्हणजे लोड शून्य आणि लोक ताटकळलेले, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

मग पीएचपी-एफपीएमचा, म्हणजे पीएचपीची कामं चालवणाऱ्या प्रोग्रामचा, लॉग उघडला. त्यात सरळ लिहिलेलं होतं की मॅक्स चिल्ड्रनची मर्यादा गाठली, आकडा ५. कॉन्फिगमध्ये हा आकडा मुळातच ५ असतो आणि तो कुणी बदललेला नव्हता. म्हणजे पाच पीएचपी वर्कर, पाचही गुंतले की सहावी ताई रांगेत. बँकेत पाचच खिडक्या आणि पाचही कारकून फोन कानाला लावून बसलेले, तसं. पण कसली वाट बघतायत ते पाच? लाइमसर्व्हेत "पुढे" दाबलं की त्या पानाची उत्तरं डेटाबेसमध्ये जातात, ते काम फार तर अर्ध्या सेकंदाचं.

एंजिनएक्सच्या नेहमीच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये विनंतीला किती वेळ लागला हे नसतं, ते आपण लॉग फॉरमॅटमध्ये घालावं लागतं, रिक्वेस्ट टाइम (एकूण लागलेला वेळ) आणि अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम (त्यातला पीएचपीने घेतलेला) असे दोन. दोन्ही घातले. आणि पीएचपी-एफपीएमचा स्लो लॉग चालू केला, पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर त्या क्षणी कोड कुठे उभा आहे ते लिहून ठेव असं. पुढच्या मीटिंगनंतर उघडलं तर सगळं समोर. मधली पानं झटपट, फक्त शेवटची "पाठवा"ची विनंती वीस-वीस सेकंद, आणि स्लो लॉगमध्ये प्रत्येक वेळी ईमेल पाठवणाऱ्या फाइलचं नाव. सर्व्हेच्या सेटिंगमध्ये प्रत्येक उत्तर आलं की अ‍ॅडमिनला ईमेल जावा असं ठेवलेलं होतं, तिघांचे पत्ते, आणि मेल सर्व्हर एकदम इतके मेल आले की उत्तर द्यायला वेळ लावायचा. तोपर्यंत तो वर्कर अडकलेला आणि ताईच्या फोनवर गोल फिरतंय. ते मेल आमच्यात कुणी वाचतही नव्हतं!

नोटिफिकेशनचे पत्ते काढले आणि "पाठवा" एका सेकंदाच्या आत व्हायला लागलं. मग वर्करही वाढवले, अंदाजाने नाही, एक वर्कर किती मेमरी खातो ते मोजलं, साधारण ६० ते ७० एमबी, मारियाडीबीला एक जीबी सोडला, बाकीच्याला थोडी, आणि वीस वर्कर ठेवले. सर्व्हर तोच. भाडं तेच.

आता लॉगिनचं. हा वेगळा विषय वाटतो पण मी त्याच अ‍ॅक्सेस लॉगमधून इथे आले. वेळ मोजायला लॉग चाळत होते तेव्हा दिसलं की अ‍ॅडमिनच्या लॉगिन पानावर रात्रंदिवस कुणीतरी पासवर्ड टाकून बघतंय. सर्व्हरच्या ऑथ लॉगमध्ये (मशीनवरच्या लॉगिनच्या नोंदी) तर विचारू नका, रूट तर सोडाच, टेस्ट, ओरॅकल, पोस्टग्रेस, जी नावं आमच्या मशीनवर नाहीतच त्यांनीही प्रयत्न चाललेले. सुरुवातीला धसका घेतला. नंतर समजलं की इंटरनेटवरच्या प्रत्येक मशीनचं हेच आहे, बॉट फिरत असतात. एसएसएचला (दुरून सर्व्हरमध्ये शिरायची सोय) पासवर्डने लॉगिन बंद करून फक्त "की" (किल्लीसारखी फाइल) ठेवली, फेल-टू-बॅन बसवलं (ते मुळात दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की त्या आयपीला, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याला, दहा मिनिटं बंद करतं, मी वेळ वाढवली) आणि तो विषय संपवला. फसलेल्या लॉगिनचे आकडे बघून घाबरण्यात अर्थ नाही, बघायचं ते यशस्वी लॉगिन. कोण आत आलं, कधी, कुठून, आणि आत येऊन काय केलं.

त्यासाठी लाइमसर्व्हेत ऑडिट लॉग नावाचं प्लगइन आहे, बरोबरच येतं पण चालू करावं लागतं, आणि चालू केल्यापासूनचंच लिहितं, मागचं काही मिळत नाही. चालू केलं आणि थोड्याच दिवसांत एक नोंद दिसली, पहाटे ३:४२ ला अ‍ॅडमिन लॉगिन, यशस्वी. मी सरांना लगेच फोन केला, पासवर्ड बदलायचा का, सर्व्हे थांबवायचा का, सगळं बोलून झालं. मग ऑफिसातल्या डेटा एन्ट्रीच्या दादांनी विचारलं, "ताई, सर्व्हरचं घड्याळ कुठलं आहे?" सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, होता. ३:४२ मध्ये साडेपाच तास मिळवा, सकाळचे ९:१२, आणि ते दादाच होते, ऑफिस उघडल्या उघडल्या लॉगिन केलेलं. तेव्हापासून एक पक्कं केलं, कुठलाही लॉग उघडला की आधी त्याचा टाइमझोन बघायचा. सर्व्हरचा, डेटाबेसचा आणि पीएचपीचा, तिन्ही वेगळे असू शकतात.

पण खरा प्रश्न त्या नोंदीत दुसराच होता. नोंदीत नाव "अ‍ॅडमिन" होतं. ऑफिसातले सगळेच "अ‍ॅडमिन" म्हणून लॉगिन करत होते, एकच पासवर्ड, फळ्यावर लिहिल्यासारखा सगळ्यांना पाठ. मग ऑडिट लॉग कितीही ठेवा, उत्तरं कुणी डाउनलोड केली याचं उत्तर कायम "अ‍ॅडमिन". मी प्रत्येकाला वेगळं खातं दिलं आणि प्रत्येकाला त्याच्या सर्व्हेपुरत्याच परवानग्या, डेटा एक्स्पोर्ट फक्त दोघांना. यावर थोडी नाराजी झाली. एक जुन्या सहकारी म्हणाल्या, "आमच्यावर पाळत ठेवणार का आता?" मी त्यांना सांगितलं की ताई, उद्या ही उत्तरं बाहेर गेली आणि कुणी विचारलं तर तुम्ही ती उघडली नव्हती हे दाखवायला हाच लॉग कामी येईल. त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही, पण खातं वापरायला लागल्या.

ब्रूट फोर्सचं, म्हणजे पासवर्ड टाकून टाकून बघणाऱ्यांना अडवणारं, कुलूपही लक्षात ठेवा. लाइमसर्व्हे मुळात तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर दहा मिनिटं बंद करतं, आणि ते बंद होतं आयपीवर, माणसावर नाही. ऑफिसात सगळे एकाच ब्रॉडबँडवर, एका नव्या मुलीने तीनदा चुकीचा पासवर्ड टाकला आणि सगळं ऑफिस बाहेर. नव्या आवृत्त्यांत असंच कुलूप सर्व्हे भरणाऱ्यांच्या कोडलाही आहे. आता आरोग्य केंद्रात एका वायफायवर चाळीस जणी, किंवा मोबाइल डेटावर असल्या तरी कंपन्या खूप ग्राहकांना एकाच आयपीमागे ठेवतात, तिथे तीन चुका व्हायला कितीसा वेळ लागतो. म्हणून कोड हाताने टाकायला लावूच नका, लिंकमध्येच द्या. आम्ही तसंच केलं, शिवाय भरणाऱ्यांसाठी प्रयत्नांची मर्यादा वाढवली. अ‍ॅडमिनची तीनच ठेवली, ऑफिसचा आयपी तेवढा सूट दिलेल्या यादीत घातला.

आणि याच लिंकपाशी मला जे सापडलं त्याने मी खरंच हादरले. लाइमसर्व्हेत निनावी उत्तरं चालू केली आणि तारीख नोंदवणं बंद ठेवलं की प्रत्येक उत्तरावर १ जानेवारी १९८० अशी तारीख पडते, म्हणजे वेळेवरूनही कुणाचं उत्तर ते जुळवता येऊ नये. इतकी काळजी सॉफ्टवेअर घेतं. पण कोड लिंकमध्ये असल्यामुळे एंजिनएक्सच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये प्रत्येकीचा कोड, तिचा आयपी आणि सेकंदापर्यंतची वेळ, तिन्ही एका ओळीत पडत होतं. कोड कुणाचा ते सहभागींच्या यादीत आहेच. डेटाबेसमध्ये उत्तरं आली त्या क्रमाने बसतात. दोन्ही समोरासमोर ठेवले तर कुठलं उत्तर कुठल्या ताईचं याचा अंदाज कुणीही बांधू शकलं असतं. म्हणजे जो लॉग मी सर्व्हर सुधारायला एवढ्या हौसेने वाढवला तोच निनावीपणा उघडा पाडू शकत होता. प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर आम्ही लिहिलंय, तुमचं नाव कुणालाही कळणार नाही.

मग सर्व्हेच्या पत्त्यांसाठी वेगळा लॉग फॉरमॅट केला, लिंकमधला प्रश्नचिन्हापुढचा भाग (आमचा कोड त्यातच असतो) लिहायचाच नाही, आयपीचा शेवटचा आकडा शून्य करायचा, विनंतीला लागलेला वेळ मात्र पूर्ण ठेवायचा, कारण सर्व्हर तपासायला मला तेवढाच लागतो. जुन्या लॉगमधूनही कोड पुसून टाकले. अ‍ॅडमिनच्या पत्त्यांना यातलं काही लागू नाही, तिथे पूर्ण आयपी, पूर्ण वेळ. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय आणि घड्याळं एनआयसी (सरकारची माहिती-तंत्रज्ञान संस्था) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळवायला, पण उबंटूत एंजिनएक्सचे लॉग चौदा दिवसांत पुसले जातात, तो आकडा स्वतः बदलावा लागतो. अ‍ॅडमिन लॉगिनचे आणि ऑथचे लॉग आम्ही १८० दिवसांवर नेले. सर्व्हेचा लॉगही तेवढाच राहतो, पण आता त्यात कुणाची ओळख नाही.

आता दर सोमवारी मी तीन गोष्टी बघते: पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागलेल्या विनंत्या, मॅक्स चिल्ड्रनची ओळ परत आली का, आणि अ‍ॅडमिनचे यशस्वी लॉगिन नावानिशी. महिन्यातून एकदा खात्यांची यादी काढून शेवटचं लॉगिन कधीचं ते बघते आणि संस्था सोडून गेलेल्यांची खाती बंद करते. राहिलंय ते टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डसोबत दुसरा पुरावा मागणारं लॉगिन. अ‍ॅडमिनचं पान तोपर्यंत फक्त ऑफिसच्या आयपीवरून आणि व्हीपीएनवरून (बाहेरून करायची सुरक्षित जोडणी) उघडतं, आणि फील्डवरच्या लोकांना त्याची सवय व्हायला अजून वेळ लागेल असं दिसतंय.