काटा हलेना

रिअॅक्टरमध्ये ३० बार हायड्रोजन भरायचा, तापमान १४० अंशांवर न्यायचं, की थोड्याच वेळात गेजचा काटा खाली सरकू लागायचा. म्हणजे हायड्रोजन खर्च होतोय, फरफ्युरलचं (शेतातल्या काडीकचऱ्यातून निघणारं तेलकट द्रव) फरफ्युरिल अल्कोहोल बनतंय. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत साच्याची वाळू बांधणारं फ्युरान रेझिन याच अल्कोहोलचं. उद्योगात यासाठी कॅटॅलिस्ट (स्वतः न संपता रिअॅक्शन वेगाने घडवणारा पदार्थ) म्हणून कॉपर क्रोमाइट चालतं, पण वापरून झालेल्या क्रोमियमचं काय करायचं ही कटकट. म्हणून आमचे सिलिकावर बसवलेले तांब्याचे नॅनोकण.

त्या दिवशी काटा जागचा हलेना.

बदललं होतं फक्त फरफ्युरल. विकतच्या बाटलीऐवजी, साखर कारखान्याचं बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, सल्फ्युरिक अॅसिडमध्ये शिजवून आम्हीच काढलेलं. वास तोच कडू बदामाचा, जीसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारं गॅस क्रोमॅटोग्राफी यंत्र) पीकही स्वच्छ.

सर म्हणाले, "कण एकमेकांना चिकटून मोठे झाले असतील, टीईएम काढ." काढलं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या त्या फोटोत कण होते तेवढेच, ३-४ नॅनोमीटरचे. मग संशय काळ्या चिकट थरावर, कारण अॅसिड लागलं की फरफ्युरलचं डांबर व्हायला वेळ लागत नाही. कॅटॅलिस्ट हवेत भाजून थर जाळला, हायड्रोजनमध्ये पुन्हा रिड्यूस केला, म्हणजे तांबं परत धातुरूपात आणलं. काटा तिथेच.

उत्तर एक्सपीएसने दिलं, म्हणजे पृष्ठभागावर कोणतं मूलद्रव्य कोणत्या रूपात आहे ते सांगणाऱ्या क्ष-किरण तपासणीने. १६२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास गंधकाचं पीक. सल्फेट असतं तर ते १६८च्या पुढे दिसलं असतं. हे सल्फाइड, तांब्याला घट्ट धरून बसलेलं. बगॅस शिजताना अॅसिडमधून थोडा सल्फर डायऑक्साइड सुटला असणार आणि वाफेबरोबर फरफ्युरलमध्ये उतरला असणार. जीसीचा एफआयडी डिटेक्टर ज्योतीत जळणारे सेंद्रिय पदार्थ टिपतो, त्याला तो दिसतच नाही! भाजून उपयोग का झाला नाही, तेही कळलं: हवेत सल्फेट, हायड्रोजन देताच पुन्हा सल्फाइड. रिअॅक्शन होते ती कणाच्या पृष्ठभागावर. तेवढी साल गंधकाने अडवली की आतलं तांबं शाबूत असून काय कामाचं?

तेव्हापासून ९९ टक्के कन्व्हर्जनचा, म्हणजे जवळजवळ सगळं फरफ्युरल बदलल्याचा, पेपर हातात आला की मी आधी फरफ्युरल कुठून आणलं ते बघतो. बहुतेक वेळा बाटलीच निघते.

नंतर आमचं फरफ्युरल सोड्याच्या पाण्याने धुतलं, व्हॅक्यूमखाली पुन्हा डिस्टिल केलं. काटा उतरू लागला, बाटलीतल्या मालापेक्षा सावकाश. मी खूश. सरांची नजर मात्र धुण्याच्या पाण्याने भरलेल्या कॅनकडे. क्रोमियम टाळलं खरं, पण हे कुठे ओतायचं, यावर आमची जुंपली.