भरलेल्या बोटीचा पंखा

मे महिना निम्मा सरला की माझं वर्कशॉप मिरजेत कमी आणि नदीकाठी जास्त चालतं. २०१९ च्या महापुरानंतर कृष्णा-वारणेकाठच्या बऱ्याच गावांत यांत्रिक बोटी आल्या. वर्षातला बराचसा काळ त्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून असतात. पावसाळा तोंडावर आला की ग्रामपंचायतीला आठवण होते आणि ‘ओबीएम मशीन (बोटीच्या मागं टांगायचं आउटबोर्ड इंजिन) चालू करून द्या’ म्हणून फोन सुरू होतात.

त्यातलाच एक फोन वारणाकाठच्या एका गावातून आला. बोलणारे तात्या, तिथले जुने नावाडी. “मिस्त्री, रिकामी बोट बाणासारखी पळती बगा. पण माणसं बसली की मशीन ओढंनाच झालंय.” आधी कुणीतरी कार्बोरेटर खोलून साफ केला होता, प्लग बदलले होते, पेट्रोलमधल्या ऑइलचं प्रमाणही तपासलं होतं. गुण काही आला नव्हता. आता मशीनच मोठी घ्यायची, असा ठराव मासिक सभेपुढे यायचा होता. चाळीस अश्वशक्तीची मशीन, सतरा फुटी फायबरची बोट आणि पाटीवर क्षमता दहा माणसांची. एवढ्याला ती मशीन कमी पडायला नको होती. मी म्हटलं, ठराव थांबवा आणि बोट सांगलीला आयर्विन पुलाखाली घेऊन या. तिथं बंधाऱ्यामुळं पाणी अडलेलं असतं, सरळ लांब पट्टा मिळतो.

बोट ट्रॉलीवरून उतरायच्या आधीच मी मशीनच्या पंख्यापाशी, पाण्यात फिरून बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरपाशी, उकिडवा बसलो. मातीचा थर फडक्यानं पुसल्यावर कोरलेला आकडा दिसला, ११-१/८ × १३. म्हणजे व्यास अकरा इंच एक सूत आणि पिच १३ इंच. पाणी लाकडासारखं घट्ट असतं तर हा पंखा एका फेऱ्यात १३ इंच पुढं गेला असता. पाणी घट्ट नसतं, त्यामुळं तेवढं अंतर कधीच पदरात पडत नाही, पण इंजिनाला जोर मात्र त्या १३ इंचांच्या हिशेबानं लावावा लागतो. हलकी बोट आणि हौशी फिरणं असेल तर हा पंखा छान. बहुतेक मशीन खोक्यातून याच पंख्यासह बाहेर आली असणार आणि मागं कुणी वाकून आकडा वाचलाच नसणार.

तरी नुसत्या आकड्यावर निकाल द्यायचा नसतो. पंख्याच्या मधल्या बुशाला रबर असतं, ते सुटलं तरी बोट ओढत नाही. म्हणून आतल्या बुशापासून बाहेरच्या भागापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवली. बोट चालवून आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर रबर घसरतंय. मशीन बोटीच्या मागच्या फळीवर उंच बसलं असेल तर पंखा हवा ओढतो, तेही पाहिलं. पंख्यावरची आडवी प्लेट बोटीच्या बुडाच्या रेषेत होती. मशीनला मीटर नव्हतं, म्हणून प्लगच्या वायरीला गुंडाळायचं माझं छोटं टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे मोजणारं मीटर, लावलं.

आता वजन हवं होतं. वाळूची पोती आणू, असं ग्रामसेवक म्हणाले. मला माणसंच हवी होती. माणसं हलतात, एका कडेला सरकतात, पुरात तेच होतं. तात्यांच्या ओळखीनं शेजारच्या तालमीतली पोरं आली. एकेक जण ऐंशी-नव्वद किलोचा, लाइफ जॅकेटचे बंद लावताना दम निघाला. तात्या आणि मी धरून बरोबर दहा. अकरावा काठावर हट्ट धरून उभा होता, त्याला तात्यांनी एका शब्दात परत पाठवलं. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला नाव उलटली, त्यानंतर या पट्ट्यात बोटीच्या क्षमतेवर कुणी वाद घालत नाही.

वेगाची मूठ पूर्ण फिरवली. बोटीचं नाक वर गेलं, मागची बाजू पाण्यात रुतली आणि तशीच राहिली. मशीन घुमत होतं, धूर सोडत होतं, मीटरवर ३९०० च्या वर काटा जाईना. पुस्तिकेप्रमाणं फुल थ्रॉटलला ४५०० ते ५५०० फेरे पडायला हवेत. मोबाइलवर वेग ताशी १४ किलोमीटर. इथंच निकाल लागला होता. फेरे भरमसाट आणि बोट जागच्या जागी असती तर रबर किंवा हवा. इथं फेरेच पडत नव्हते, म्हणजे पंखा इंजिनाला जड होता. अशी गुदमरत चालवलेली मशीन एखाद्या पुरात पिस्टन जाम करून बसते, आणि तेही माणसं बोटीत असताना. त्यातच सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. हवा विरळ, म्हणून किनाऱ्याच्या मानानं पाचेक टक्के ताकद इथं अशीच कमी.

तात्या म्हणाले, “म्हंजे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर चौथ्यात उचलायचा म्हणायचं.” यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

काठावर येऊन मशीन न्यूट्रलला टाकलं, किल स्विचची, म्हणजे मशीन झटक्यात बंद करायच्या बटणाची, दोरी काढून खिशात घातली. हे केल्याशिवाय पंख्याला हात लावायचा नाही. प्लेट आणि पात्याच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवला, पिन उपसली, नट सोडला. पांढरी रेघ शाबूत होती. पंखा बाहेर आला तेव्हा मागच्या वॉशरखाली काळ्या दोऱ्याचं वेटोळं निघालं. ठिबकच्या नळीची चिरफाळ आणि त्यात गुंतलेलं मासेमारीच्या जाळ्याचं नायलॉन. मागच्या पुरात बोट उसातून फिरली होती त्याची खूण. थोडं आणखी आत गेलं असतं तर ऑइल सील कापलं असतं आणि आत पाणी शिरून गिअर ऑइलचं ताक झालेलं दिसलं असतं. सील वाचलं होतं.

शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावून माझ्या पेटीतला पावणेबारा इंची, १० पिचचा पंखा चढवला. एक इंच पिच उतरवली की साधारण दोनशे फेरे वाढतात, या हिशेबानं तीन इंच. तीच पोरं, तोच पट्टा. नाक वर आलं आणि काही अंतरावर आपोआप खाली बसलं. मीटरवर ४७००, वेग २२. मागची पोरं ओरडायला लागली, होड्यांच्या शर्यतीत ओरडतात तशी.

मग रिकामी बोट पळवली, तर फेरे ५८०० ला भिडले. हे होणारच होतं. ग्रामसेवकांना ते खटकलं, मधला ११ चा बसवा म्हणाले. माझं मत स्पष्ट होतं. ही बोट पुरात धारेविरुद्ध माणसं ओढायला आहे. ११ नं भरल्या बोटीला जेमतेम ४३०० मिळाले असते. रिकामी जाताना मूठ पाऊण फिरवायची, एवढी शिस्त तात्यांना सांगून पुरते. पंख्याभोवती जाळी बसवायची सूचनाही आली. जाळी माणसाला वाचवते खरी, पण ओढ खाते, आणि ठिबकच्या नळ्या तिच्यातच अडकून बसतात. पोहणारा माणूस जवळ असला की मशीन बंद आणि वल्ही बाहेर, हे तात्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

स्टीलचा पंखा टिकाऊ म्हणून तोच घ्यावा, असंही कुणीतरी म्हणालं. पुरात खाली कुंपणाचे खांब, विहिरीचे कठडे असतात. ॲल्युमिनियमचं पातं वाकतं, स्टीलचं वाकत नाही आणि धक्का सरळ गिअरला देतं. ॲल्युमिनियमच ठरलं.

मोठ्या मशीनचा ठराव मागं पडला. १३ चा पंखा स्पेअर म्हणून पेटीत ठेवायचा ग्रामसेवकांचा विचार होता. मी ठेवू दिला नाही. अंधारात पातं मोडल्यावर हाताला येईल तोच पंखा चढतो. म्हणून स्पेअरही १० चाच मागवला, सोबत मूठभर पिना आणि एक ठोकळा. १३ चा मी माझ्याकडं ठेवून बिलातून वजा केला. किती वजा करायचे, यावर मात्र ग्रामसेवकांनी अर्धा तास घासाघीस केली.