तुम्ही विचारलंत म्हणून: सोसायटीची नोकरी का सोडली, आणि हे हंगेरी कुठनं आलं

मासळी बाजारात, एसटीत, कुणाच्या लग्नात, कुठेही भेटलं तरी प्रश्न तोच. चौदा वर्षं मच्छीमार सोसायटीत क्लार्क होतास, चांगली नोकरी सोडलीस कशाला? आणि हल्ली सारखं हुकूमशाही हुकूमशाही काय करतोस, आपला त्याच्याशी काय संबंध? एकदाच नीट लिहितो.

तुमच्या डोक्यात हुकूमशाही म्हणजे आणीबाणी. आपले राजापूरचे खासदार मधू दंडवते १९७५ मध्ये तुरुंगात गेले, पेपरवर सेन्सॉर आला, हे सगळं घरच्या जाणत्यांकडून ऐकलेलं. माझ्याही डोक्यात तेच होतं. म्हणून समोर घडलं तेव्हा मला ओळखता आलं नाही, किंवा ओळखायचंच नव्हतं, यातलं खरं कुठलं ते मला अजून सांगता येत नाही.

सोसायटीची वार्षिक सभा होती. चेअरमन कामाचा माणूस, हे आधी सांगतो, कारण ते लपवलं तर बाकीचं खोटं पडेल. बर्फ वेळेवर मिळायचा, डिझेल परताव्याची फाईल अडली तर स्वतः जिल्ह्याला जायचे, मला ते आवडायचे. त्या सभेच्या अजेंड्यावर पोटनियम दुरुस्ती होती: वर्षाला अमुक लिटर डिझेल सोसायटीतून घेईल तोच क्रियाशील सभासद, बाकीच्यांना मत नाही. वाचायला किती साधं! पण रापण, म्हणजे किनाऱ्यावरून हाताने ओढायचं जाळं, ते ओढणाऱ्यांना इंजिन कुठे असतं, ते डिझेल घेणार कशाला? आणि चेअरमनच्या विरोधात मतं पडायची ती सगळी रापणवाल्यांचीच.

कोरम भरला नाही, सभा अर्धा तास तहकूब झाली, मग त्याच जागी परत सुरू. बरेच जण चहा पिऊन घरी गेलेले. ठराव वाचला, कोणी काही बोलेना, आणि मागच्या बाकावरून तात्या उठले, सत्तरीचे, जन्म रापणीत गेलेला माणूस. म्हणाले, "माझो विरोध आसा, माझा नाव लिव." माझ्याकडे बघून म्हणाले, चेअरमनकडे नाही. मी पेन उचललं. चेअरमन हळूच म्हणाले, "लिव रे सर्वानुमते, कोण वाचतलो?" आणि मी प्रोसिडिंग बुकात लिहिलं, सर्वानुमते मंजूर. कोणी दम दिला नव्हता, पगार कापतो म्हटलं नव्हतं. वरून मंजुरीपण आली, कारण कागद बरोबर होता. पुढच्या निवडणुकीच्या यादीत चाळीसेक रापणवाले नव्हते आणि तात्या ऑफिसात येऊन मला विचारत होते, माझा नाव खंय? मी म्हटलं, नियमात बसत नाही तात्या.

त्यानंतर मी वाचायला लागलो. हंगेरीत व्हिक्टर ओर्बान या नेत्याच्या आघाडीला २०१० मध्ये ५३ टक्क्यांच्या आसपास मतं पडली, खरी मतं, लोकांनी रांगेत उभं राहून दिलेली, पण जागा मिळाल्या दोन तृतीयांश. तेवढ्यावर वर्षभरात नवं संविधान, मग न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून ६२, म्हणजे एका फटक्यात शेकडो खुर्च्या रिकाम्या. युरोपच्या कोर्टाने २०१२ मध्ये ते चूक ठरवलं, तोवर त्या खुर्च्यांवर दुसरे बसले होते. कोणाच्या दारावर रात्री थाप पडली नाही, वयाची अट बदलली फक्त. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण ती अट कुठल्यातरी ऑफिसात कोणीतरी टाईप केली असणार.

आणि अशी सत्ता टिकवतात कशी? व्हेनेझुएलात राष्ट्राध्यक्ष चावेझना पदावरून हटवायला मतदान घ्या, अशा अर्जावर लाखो लोकांनी सह्या केल्या, २००४ मध्ये एका खासदाराने ती नावं इंटरनेटवर टाकली. मग सरकारी नोकरी मागायला गेलात की आधी यादी बघायची. सगळ्यांना तुरुंगात टाकायची गरजच नाही, चारजणांची कामं अडली की बाकीचे आपोआप गप्प. आमच्याकडे "त्रुटी आहे" म्हणून फाईल परत करायची पद्धत होती. कोणाची करायची हे मला तोंडाने सांगावं लागायचं नाही, चेअरमनने नुसतं बघितलं की मला कळायचं.

तुम्ही म्हणाल, एक सोसायटी आणि एक देश, तुलना होते का? तेव्हाचा मीपण हेच म्हणतो. कायद्यात बसत होतं, तू नाही तर दुसऱ्याने लिहिलं असतं, घरात दोन मुलं होती. त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. दुसऱ्याने लिहिलं असतं हे खरंच आहे. पण तात्यांनी त्या दुसऱ्याकडे बघितलं नव्हतं ना, माझ्याकडे बघितलं होतं. आणि मी लगेच राजीनामा दिला असं समजू नका, त्यानंतर तीन वर्षं पगार घेतला.

गेल्या महिन्यात तात्यांचा मुलगा घरी आला. त्या सभेत विरोध झाला होता असं लेखी देशील का, आम्ही तक्रार करतोय, म्हणाला. तात्या आता अंथरुणाला आहेत. मी म्हटलं देतो. चेअरमन अजून तेच आहेत, माझ्या भावाची बोट त्याच सोसायटीत आहे, परताव्याची त्याची फाईल आत्ता तिथेच आहे. तारीख आणि पहिल्या दोन ओळी लिहून झाल्यात.